जुन्या थारला मोठे टायर आणि दोन इंची लिफ्ट, आठ महिन्यांनंतर

गाडी महिंद्रा थार सीआरडीई, २०१७ ची, अडीच लिटरवाली, १०५ हॉर्सपॉवर. कंपनीचे टायर होते २३५/७० आर१६, आता घातलेत २६५/७५ आर१६ एटी (ऑल-टेरेन, डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीला चालणारे), स्टेपनी धरून पाच, आणि वर दोन इंची लिफ्ट, म्हणजे सस्पेन्शनवर बॉडी तेवढी उंच केलेली. काम इंदूरला देवास नाक्याकडच्या एका दुकानात केलं. नाव लिहीत नाही, कारण फिटिंग आणि बॅलन्सिंग खरंच चोख केलंय, पण मालक म्हणाला होता "भिया, अ‍ॅव्हरेज में एकाध का फरक आएगा बस", आणि तिथेच गडबड आहे.

आधी ओंकारेश्वरला जाऊन-येऊन लिटरला १३ किमीचं अ‍ॅव्हरेज मिळायचं. टायर घातल्यावर पहिल्याच टाकीला १०.२. मी दुकानात जाऊन भांडणारच होतो, मग घरी बसून जरा हिशेब केला तर लक्षात आलं की मीटर मुळात चाकाच्या फेऱ्या मोजतो, रस्ता मोजत नाही. जुन्या टायरची उंची ७३५ मिमी, नव्याची ८०४, म्हणजे ९.३ टक्के जास्त, म्हणजे मीटरवर १०० किमी पडतात तेव्हा गाडी १०९ चाललेली असते. १०.२ ला १.०९३ ने गुणा, ११.१ येतं. तर खरा तोटा दोनच्या आसपास, पावणेतीन नाही. टायर बदलून लगेच "अ‍ॅव्हरेज मेलं" म्हणून रडणाऱ्यांनी आधी हा गुणाकार करा राव. स्पीडचंही तेच, आधी मीटरवर ८० असताना जीपीएस ७६ दाखवायचा, आता ८३ दाखवतो, तेव्हा कॅमेऱ्याखालून जाताना जपून.

पण तो दोनचा तोटा खरा आहे आणि तो गिअरमुळे आहे. टायर मोठा झाला की सगळे गिअर एकदम ९ टक्के लांब होतात, जणू कोणी क्राऊन-पिनियनच (एक्सलमधली शेवटची गिअरची जोडी) बदलून टाकलं. ह्या इंजिनचा पूर्ण टॉर्क (ओढायचा जोर), २४७ एनएम, १८०० ते २००० आरपीएममध्ये मिळतो. आधी पाचव्यात ज्या स्पीडला १९०० फिरायचं तिथे आता १७४० च फिरतं, म्हणजे बरोबर टर्बोचा दम सुरू व्हायच्या आधी. सपाट रस्त्यावर चालतं, पण भेरूघाट लागला की पाचवा तर जाऊच दे, चौथाही सोडावा लागतो, आणि सिमरोलच्या पुढे ट्रकच्या मागे अडकून चढावर पहिल्यात गाडी उचलताना क्लचचा वास येतो, आधी कधी नव्हता आला. वर टायर स्वतःच जड, त्याला फिरवायलाही डिझेल आणि थांबवायलाही ब्रेक जास्त दाबावा लागतो. उपाय आहे, क्राऊन-पिनियनचा रेशो तेवढाच वाढवायचा, समजा ४.३ असेल तर ४.७ च्या जवळपास, पण फोर बाय फोर आहे म्हणजे पुढचा-मागचा दोन्ही बदला, खर्च ऐकून मी चहा पिऊन परत आलो.

लिफ्टबद्दल मी फारसं चांगलं बोलणार नाही. पुढे टॉर्शन बार (तिथे स्प्रिंगचं काम करणारी सळई) आवळले, मागे पाट्यांना लांब शॅकल (पाटा चासीला अडकवणारी कडी), झालं. लोकांना वाटतं लिफ्टने क्लिअरन्स वाढतो, पण मागच्या डिफरन्शियलचा गोळा (ज्यात ते क्राऊन-पिनियन असतं) एक्सलबरोबर तिथेच राहतो, तो फक्त टायरमुळे वर जातो, माझा ३४ मिमी गेला, बस. लिफ्टने टायरला जागा मिळते एवढंच. बदल्यात पुढच्या चाकांना ताकद पोचवणाऱ्या सीव्ही जॉइंटचा कोन वाढला, पुढून गाडी दणके देते, मानपूरच्या घाटात वळणावर झुकते, आणि आधीच कपाटासारखी असलेली गाडी हवेत अजून उंच. फुल स्टिअरिंग वळवल्यावर टायर घासतो तो घासतोच.

आणि हो, कागदाचं बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेशी न जुळणारे बदल चालत नाहीत, सुप्रीम कोर्टानेही २०१९ मध्ये तेच सांगितलं, विम्याच्या क्लेमच्या वेळी अडू शकतं. हे मला कामाच्या आधी दुकानात कोणी बोललं नाही, मीही विचारलं नाही.

टायरला चार स्टार, चोरलच्या चिखलात एकदाही अडकलो नाही. लिफ्टला दोन. पुढचा सेट २४५/७५ चा घेणार, तो जुन्यापेक्षा ५ टक्केच मोठा. शॅकल पुढच्या महिन्यात काढतोय, आईला खजराण्याच्या गणपतीला नेताना गाडीत लाकडी पाट ठेवावा लागतो चढायला, आणि ती दर वेळी वॉचमनसमोर मला ऐकवते.