विश्रामबागचा फ्लॅट विकताना: एजंटबद्दल

सांगलीतला टू बीएचके विकायला दिला तेव्हा एजंटने दोन टक्के दलाली सांगितली. घासाघीस करून एकावर आणलं. घेणाऱ्याकडून तो वेगळा टक्का घेणारच होता, मग लाजायचं कशाला? ३२ लाखांवर ३२ हजार. अर्धे साठेखताला (विक्रीआधीच्या कराराला), उरलेले दुय्यम निबंधकांकडे खरेदीखत नोंदवल्यावर, असं आधीच लिहून घेतलं. जीएसटीचंही विचारून ठेवा. जीएसटी नोंदणीवाला एजंट दलालीवर १८ टक्के लावतो.

माणूस कामाचा. सोसायटीची एनओसी, बँकेचा बोजा उतरवणं, सगळी पळापळ त्याचीच. पण गिऱ्हाईक आणताना फोन नाही, ऐन जेवणाच्या वेळी चौघं दारात! आणि २०१९ च्या पुराचं पाणी कुठवर आलं होतं, हे प्रत्येकजण विचारायचा. उत्तर मात्र मीच द्यायचं.