गेटवरचं अ‍ॅप: पाहुण्यांसाठी चार तारे, मावशींच्या यादीसाठी एक

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत गेटवरचं रजिस्टर जाऊन अ‍ॅप आलं. कुठलं, ते लिहीत नाही.

आधी चांगलं सांगते. कुरिअरवाला आला की फोन वाजतो, ऑफिसात बसून 'आत सोडा' म्हणता येतं. पाहुण्यांना आधीच कोड पाठवला की ते गेटवर ताटकळत नाहीत. मेंटेनन्सची पावती लगेच. रजिस्टरमधलं अक्षर तर वॉचमनकाकांनाही लागायचं नाही, त्यामुळे ते गेलं म्हणून कोणी हळहळलं नाही.

माझी तक्रार आहे ती घरकामाच्या यादीबद्दल. सोसायटीत येणाऱ्या प्रत्येक मावशीचा फोटो, त्या कुठल्या कुठल्या फ्लॅटमध्ये जातात ते, आणि नावापुढे तारे. आमच्या स्वयंपाकाच्या मावशींना ४.१. 'वक्तशीर' हा शिक्का मिळालाय, 'स्वभाव चांगला' हा नाही. कोणी कमी तारे दिले, का दिले, हे त्या विचारणार कुठे? त्यांच्याकडे अ‍ॅपच नाही. पगार लांबवणाऱ्या, दिवाळीचा बोनस टाळणाऱ्या घराला तारे द्यायची सोय तर कोणालाच नाही.

हजेरीचं कॅलेंडर त्याहून वाईट. गेटवर कोड दाबला तर हजेरी, नाहीतर खाडा. एका सकाळी गेटवरचं नेट बंद होतं. मावशींनी आमच्याकडचं, मग समोरच्यांकडचंही काम केलं. महिनाअखेरीस समोरच्यांनी पैसे कापले, कारण 'अ‍ॅपमध्ये दिसत नाही'. "ताई, मग त्या दिवशी डब्यात नेलेल्या पोळ्या काय अ‍ॅपने लाटल्या?" मावशी मला म्हणाल्या. समोरच्यांना मात्र त्या काही बोलल्या नाहीत. काम टिकवायचं असतं.

कमिटीचं म्हणणं, सुरक्षेसाठी आहे. आत कोण कधी आलं याची नोंद हवी, मान्य. पण चोर पकडायला तारे कशाला लागतात?

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये एकमताने सांगितलं. तो काही फक्त फ्लॅटमालकांना दिलेला नाही. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात तर संमतीची विनंती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचायचा पर्याय द्यायला सांगितलंय. आमच्या गेटवर संमती म्हणजे "मावशी, जरा इकडे बघा" म्हणून काढलेला फोटो. (वॉचमनकाका तरी काय करणार, त्यांची रात्रीची प्रत्येक फेरीसुद्धा क्यूआर कोड स्कॅन करून मोजली जाते.)

तुमची सोसायटी असं अ‍ॅप घेणार असेल तर तारे आणि हजेरी बंद करता येतात का, आणि काम सोडून गेलेल्या बाईचा फोटो किती दिवसांनी पुसला जातो, हे कंपनीला करार करायच्या आधी लेखी विचारा. आमच्या कमिटीने आता विचारलंय. उत्तर आलं: 'आपली विनंती संबंधित विभागाकडे पाठवली आहे.'