पहिली कादंबरी: ‘मी’ सांगणार की ‘तो’?

पहिली कादंबरी लिहायला बसलेले बरेच जण ‘मी’पासून सुरुवात करतात. मीही केली, आणि साठेक पानं झाल्यावर सगळं ‘तो’मध्ये फिरवलं. तेव्हा माझं मत अगदीच निःपक्ष आहे असं म्हणवत नाही.

‘मी’चं सुख खरंच मोठं. आवाज पहिल्याच ओळीत लागतो. निवेदक खोटारडा असेल, किंवा स्वतःलाच फसवणारा, तर ‘मी’ला तोड नाही. माझी पहिली पंधरा पानं एका दमात झाली होती. तीच ‘तो’मध्ये आधी लिहून पाहिली तेव्हा पंचनामा वाचतोय असं वाटलं होतं.

मग ते दार आलं. माझा निवेदक चौदा वर्षांचा मुलगा. मोठी माणसं जमिनीची भांडणं त्याच्यासमोर थोडीच करणार? म्हणून त्याला दाराआड उभं केलं. पुढच्या प्रकरणात जिन्याखाली. नंतर त्याला एक चिठ्ठी सापडली. चौथ्या वेळी तो झोपेचं सोंग घेऊन पडला, तेव्हा माझं मलाच हसू आलं. एका मित्राला वाचायला दिलं तर तो म्हणाला, “हा पोरगा शाळेत कधी जातो?”

तिथेच माझा निकाल लागला. प्रसंग घडतो तिथे ‘मी’ हजर हवा, नाहीतर कुणीतरी येऊन त्याला सगळं सांगायला हवं. यावर एक जुना उपाय आहे: प्रत्येक पात्राला आपापला ‘मी’ द्यायचा. ‘ययाति’ (1959) आणि ‘मृत्युंजय’ (1967) तसेच उभे आहेत. मीही करून पाहिलं. माझी आई, काका आणि मुलगा तिघंही माझ्याच आवाजात बोलायला लागले.

‘तो’ म्हणजे आभाळातून सगळं बघणारा निवेदक असं नव्हे. एका पात्राच्या खांद्यावर बसून सांगता येतं, आणि प्रकरणागणिक खांदा बदलता येतो. यात मराठीची मदत होते. ‘तिला वाटलं, आता उशीर झाला’ यातलं ‘तिला वाटलं’ गाळलं, तरी ‘आता उशीर झाला’ हे तिच्याच मनातलं राहतं, काळ बदलावा लागत नाही. म्हणजे ‘मी’ची जवळीक बऱ्यापैकी हाती राहते.

कटकट आहे ती मानाची. ‘दत्ता उठला’ की ‘बाबा उठले’? ‘बाबा’ म्हटलं की आपण मुलाच्या डोक्यात शिरलो. एकाच परिच्छेदात दोन्ही आलं की वाचक अडखळतो. ‘मी’मध्ये हा प्रश्नच येत नाही, हे कबूल करायला हवं.

तुम्ही साठ पानं थांबू नका एवढंच सुचवीन. मराठीत नुसतं ‘मी’च्या जागी ‘तो’ घालून भागत नाही. ‘पळालो’चं ‘पळाला’, ‘मला’चं ‘त्याला’ असं वाक्यागणिक हात घालावा लागतो. अर्थात मधेच गाडी वळवणं कमीपणाचं नाही. दस्तयेव्हस्कीनं ‘क्राइम अँड पनिशमेंट’ आधी खुन्याच्या कबुलीजबाबासारखी ‘मी’मध्ये लिहायला घेतली होती. काफ्कानं ‘द कॅसल’च्या हस्तलिखितात ‘मी’ खोडून ‘के.’ हे नायकाचं नाव घातलं. आधीच जोखायचं असेल, तर नायक हजर असूच शकत नाही असा एक प्रसंग निवडा आणि दोन पानं दोन्हीकडून लिहून बघा. तुमच्या गोष्टीत तसा प्रसंगच नसेल, तर कदाचित ‘मी’च बरा.

माझा दाराआडचा प्रसंग आता आईच्या बाजूनं आहे. काका कागदाची घडी घालतात. ती चष्मा पुसते. दाराखालच्या फटीत दोन पावलांची सावली दिसते, आणि ती काही बोलत नाही.