नडगीचं हाड धरत नाही: यंत्र, रॉड, कमरेचं हाड, सुई की रिंग?

गेल्या महिन्यात मावसबहीण आणि भाऊजी पिंपळगाव बसवंतहून घरी आले ते एक्स-रेचं जाड पाकीट घेऊनच. दहा महिन्यांपूर्वी महामार्गावर मोटरसायकल घसरून भाऊजींची नडगी मोडली आणि त्याच रात्री रॉड बसला. जखम महिनाभरात भरली, पण हाड धरलं नाही. नाशिकमध्ये मुंबई नाक्यापासून गंगापूर रोडपर्यंत तीन दवाखाने झाले आणि तिघांनी तीन सल्ले दिले. एक म्हणाले, रोज अल्ट्रासाउंडचं यंत्र लावा. दुसरे म्हणाले, रॉड बदलून कमरेचं हाड घालू. तिसऱ्यांनी ‘स्वतःच्याच पेशींची सुई’ सुचवली. मुंबईच्या एका नातलगाने फोनवर पायाभोवती बसवायच्या रिंगचं नाव घेतलं ते वेगळंच.

चार वर्षांपूर्वी माझीही नडगी अशीच अडली होती, म्हणून पाकीट माझ्या हातात आलं. मी डॉक्टर नाही, पण तेव्हापासून या विषयावरचं संशोधन जमेल तसं वाचत आले आहे. भाऊजींना जे समोर बसून सांगितलं, तेच इथे मांडते.

आधी हाड खरंच अडलं आहे का, ते पाहायचं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाची जुनी व्याख्या अशी: फ्रॅक्चरला नऊ महिने झाले आणि शेवटच्या तीन महिन्यांत एक्स-रेत काहीच प्रगती नाही, तर हाड जुळलं नाही असं धरावं. पाचव्या महिन्यात घाबरून मोठा निर्णय घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. नडगी मुळातच सावकाश जुळते. तिच्या आतल्या बाजूला स्नायूच नाही, हाडावर थेट कातडी, त्यामुळे रक्त बेताचंच पोचतं.

पुढचा प्रश्न, का अडलं? माझ्या वेळी हा प्रश्न पहिल्या दवाखान्यात कोणी विचारलाच नाही आणि त्यात माझे चार महिने गेले. एक्स-रेत दोन वेगळी चित्रं दिसू शकतात. एकात फटीच्या दोन्ही बाजूंना हाड फुगलेलं दिसतं, डॉक्टर त्याला हत्तीचा पाय म्हणतात. तिथे हाड तयार होण्याची ताकद शाबूत आहे, पण तुटलेल्या टोकांची हालचाल थांबत नाही. दुसऱ्या चित्रात टोकं बारीक, निमुळती, निर्जीव दिसतात. तिथे कच्चा मालच संपला आहे. स्वित्झर्लंडचे संशोधक स्टीफन पेरेन यांनी या हालचालीचं गणित मांडलं आहे. फटीतली जखमेची कोवळी ऊती स्वतःच्या लांबीच्या शंभर टक्के ताण सोसते, कूर्चा साधारण दहा टक्के आणि हाड जेमतेम दोन टक्के. ताण त्याहून जास्त असेल तर तिथे हाड बनूच शकत नाही, मग कितीही महागडी सुई टोचा.

तिसरी शक्यता जंतुसंसर्गाची. वरून जखम कोरडी असली तरी रॉडभोवती जंतू दबा धरून बसलेले असू शकतात. सीआरपी आणि ईएसआर या शरीरातला दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या करायच्याच, पण त्या नॉर्मल आल्या म्हणजे सुटलो असं नाही. खात्री होते ती ऑपरेशनमध्ये आतून घेतलेल्या नमुन्यांतून. नमुने वेगवेगळ्या जागांहून निदान पाच तरी घ्यावेत आणि त्याआधी शक्य असेल तर दोन आठवडे अँटिबायोटिक बंद ठेवावं, असा या विषयातल्या तज्ज्ञांचा सल्ला आहे. भाऊजींना मी पहिलं हेच विचारायला पाठवलं.

यंत्र

अल्ट्रासाउंडचं यंत्र सगळ्यांत सोपं वाटतं. कापाकापी नाही, रोज वीस मिनिटं पायाला लावायचं. अमेरिकेत त्याला ताज्या फ्रॅक्चरसाठी १९९४ मध्ये आणि न जुळलेल्या हाडासाठी २००० मध्ये परवानगी मिळाली, तेव्हापासून ते विकलं जातं. पण २०१६ मध्ये रॉड घातलेल्या नडगीच्या ५०१ रुग्णांवरची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. अर्ध्यांना खरं यंत्र, अर्ध्यांना तसंच दिसणारं बंद यंत्र. हाड जुळण्याच्या वेगात फरक नाही, माणूस कामावर परतण्यातही नाही. पुढच्याच वर्षी तज्ज्ञांच्या गटाने हे यंत्र वापरू नये अशी ठाम शिफारस केली.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते, ही चाचणी ताज्या फ्रॅक्चरवरची होती. अडलेल्या हाडावरचे जे चांगले आकडे दाखवले जातात ते बहुतेक तुलनेचा गटच नसलेल्या अभ्यासांतले आहेत. टोकं हलत असतील किंवा जंतू असतील तर यंत्राच्या नादात तीन-चार महिने जातात, आणि शेतकऱ्याचे तीन-चार महिने म्हणजे एक हंगाम. मी हे घेणार नाही.

रॉड बदलणं आणि कमरेचं हाड

हे दोन उपाय पुष्कळदा एकाच ऑपरेशनमध्ये होतात, पण त्यांचं काम वेगळं. रॉड बदलताना जुना काढतात, हाडाची पोकळी आतून खरवडून रुंद करतात आणि जुन्याहून एक-दोन मिलिमीटरने जास्त जाड रॉड बसवतात. त्याने हालचाल थांबते. शिवाय खरवडताना निघालेला हाडाचा भुगा फटीत जाऊन पडतो, तोही कामी येतो. हत्तीच्या पायासारखं चित्र असेल तर कमरेला हात न लावता एवढ्यावर भागू शकतं. उलट टोकं निर्जीव असतील तर नुसत्या जाड रॉडवर मी विसंबणार नाही.

तिथे कमरेचं हाड लागतं. खुब्याच्या वरच्या कडेतून सर्जन मऊ, जाळीदार हाड काढतात आणि फटीभोवती भरतात. त्यात जिवंत पेशी असतात, पेशींना संदेश देणारी प्रथिनं असतात आणि नव्या हाडाला चढायला सांगाडाही असतो. बाजारातली कुठलीही एक गोष्ट या तिन्ही एकत्र देत नाही.

हाडातच नवं हाड घडवणारा काही घटक असतो, हे सर्जन मार्शल युरिस्ट यांनी लॉस एंजेलिसमध्ये १९६५ साली दाखवलं. क्षार काढून टाकलेल्या हाडाची पूड त्यांनी प्राण्यांच्या स्नायूत ठेवली, आणि जिथे हाडाचा संबंधच नाही तिथे हाड उगवलं. पुढे त्यातलं एक प्रथिन कारखान्यात तयार झालं आणि १२४ न जुळलेल्या नडग्यांवर त्याची थेट कमरेच्या हाडाशी तुलना झाली. निकाल २००१ मध्ये आला. सगळ्यांना रॉड होताच. नऊ महिन्यांनी प्रथिनवाल्यांत ८१ टक्के यशस्वी, कमरेच्या हाडवाल्यांत ८५ टक्के. एवढ्या संशोधनाअंती घरचं हाड जराही मागे पडलं नाही, हे वाचून मला तेव्हा फार धीर आला होता.

पण त्याच अभ्यासात दुसरीही गोष्ट आहे. कमरेतून हाड काढलेल्या लोकांपैकी वीस टक्क्यांहून जास्त जणांची तिथली वेदना पुढे टिकून राहिली. मी त्या वीसमधली आहे. पाय जुळला, पण उजव्या खुब्यापाशी हाताच्या तळव्याएवढी जागा बधिर आहे आणि डिसेंबरच्या थंडीत ती ठणकते. साडीच्या निऱ्या नेमक्या तिथेच खोचल्या जातात. मला हे आधी सांगितलं असतं तरी मी हाच निर्णय घेतला असता, पण सांगायला हवं होतं.

पेशींची सुई

या नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. दवाखान्यात पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की सुईत नेमकं काय आहे?

पीआरपी म्हणजे स्वतःचं रक्त फिरवून त्यातल्या प्लेटलेट दाट करून टोचणं. त्यात हाड बनवणाऱ्या पेशी नसतात. १२० रुग्णांवरच्या २००८ च्या एका इटालियन अभ्यासात पीआरपीने ६८.३ टक्के हाडं जुळली, वर सांगितलेल्या कारखान्यातल्या प्रथिनाने ८६.७ टक्के. अडलेल्या नडगीसाठी केवळ पीआरपीवर पैसे घालवू नयेत, असं मला वाटतं.

दुसरी सुई अस्थिमज्जेची. कमरेच्या हाडातून मज्जा ओढून घेतात, दाट करतात आणि एक्स-रेखाली फटीत सोडतात. ही मात्र विचार करण्याजोगी आहे. पॅरिसजवळ सर्जन फिलिप एर्निगू यांनी ६० न जुळलेल्या नडग्यांमध्ये अशी मज्जा सोडली, त्यातल्या ५३ जुळल्या. २००५ च्या त्या अहवालात मला सर्वांत मोलाची वाटली ती उरलेल्या सात जणांची गोष्ट. त्यांना टोचलेल्या मज्जेत हाड घडवणाऱ्या पेशींची संख्याच कमी होती. म्हणजे नुसती मज्जा काढली म्हणून भागत नाही, ती किती दाट होती ते मोजावं लागतं. आणि त्या साठांपैकी कोणाच्याही हाडात जंतू नव्हते. ज्यांचं हाड सरळ आहे, रॉड घट्ट आहे, जंतू नाहीत आणि फट अगदी बारीक आहे, त्यांना हा छोटा उपाय मोठ्या ऑपरेशनच्या आधी करून पाहता येईल. तुलनेचा गट त्या अभ्यासात नव्हता, हेही विसरू नये.

तिसरी गोष्ट प्रयोगशाळेत वाढवलेल्या किंवा दुसऱ्याच्या नाळेतून घेतलेल्या स्टेम सेलची. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या आजारांतलं मूलपेशी प्रत्यारोपण सोडलं तर बाकी स्टेम सेल उपचार मंजूर चाचणीतच व्हायला हवेत. आणि चाचणीत भाग घेणाऱ्याकडून त्या उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. कोणी लाखाचं पॅकेज सांगत असेल तर तिथून उठावं.

रिंग

सर्जन गाव्रील इलिझारोव्ह यांनी सैबेरियातल्या कुर्गान शहरात १९५० च्या दशकात ही पद्धत घडवली. पायाभोवती लोखंडी कडी, त्यांतून हाडाच्या आरपार ताणलेल्या तारा. त्यांच्या हाती लागलेलं तत्त्व मला आजही अद्भुत वाटतं, की जिवंत हाड सावकाश ताणत राहिलं तर मागे नवं हाड तयार होतं. वेग दिवसाला एक मिलिमीटर, तोही पाव-पाव मिलिमीटरच्या चार फेऱ्यांत. सडलेला सहा सेंटीमीटर तुकडा काढून टाकला तरी तेवढं हाड पुन्हा वाढवता येतं. जंतू असतील, हाडाचा तुकडाच गेला असेल किंवा पाय आखूड-वाकडा झाला असेल, तर बाकीचे उपाय बाजूला ठेवून इथेच यावं लागतं.

पण रिंगचा काळ मोठा. नुसत्या ताणण्याला सहा सेंटीमीटरमागे दोन महिने, आणि मग ते कोवळं हाड पक्कं होईपर्यंत रिंग अंगावरच. दर सेंटीमीटरला महिना-दीड महिना तरी धरा. तारांच्या भोकांतून पाणी येतं, रोज साफ करावं लागतं, ताप आला तर लगेच दाखवावं लागतं. सुरगाणा-पेठकडच्या माणसाला पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी एसटीने नाशिक गाठणं काय असतं, हे सल्ला देणाऱ्याने विचारात घ्यायला हवं. घरात भोकं साफ करून देणारं एक माणूस लागतंच.

याच कामासाठी फ्रेंच सर्जन मास्कले यांची दोन टप्प्यांची पद्धतही आहे. पोकळीत सहा ते आठ आठवडे सिमेंटचा गोळा ठेवायचा, त्याभोवती शरीर एक पातळ आवरण तयार करतं, मग गोळा काढून त्या पिशवीत कमरेचं हाड भरायचं. ऑपरेशनं दोन, पण रिंगबरोबर राहणं टळू शकतं. मुंबईच्या सल्ल्यात हिचं नावच नव्हतं, म्हणून विचारायला सांगितलं.

हाडवैद्याकडची मालीशही बहिणीने विचारली. कांडवेलीवर उंदरांवरचे अभ्यास आहेत आणि तिच्याबद्दल मला आदर आहे, पण न जुळलेल्या फटीवर दाबून मालीश म्हणजे जो ताण थांबवायचा तोच वाढवणं. ते नको.

जे कुठल्याच कोटेशनमध्ये नसतं

भाऊजी तंबाखू खातात, बिडीही ओढतात. अमेरिकेतल्या पायाच्या गंभीर जखमांच्या अभ्यासात धूम्रपान करणाऱ्यांचं हाड जुळण्याची शक्यता ३७ टक्क्यांनी कमी निघाली. पूर्वी ओढून सोडलेल्यांतही ती ३२ टक्क्यांनी कमीच होती. दुसऱ्या एका छोट्या अभ्यासात, कारण न सापडलेल्या ३७ अडलेल्या हाडांच्या रुग्णांची ग्रंथितज्ज्ञांकडून, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांकडून, तपासणी झाली. ३१ जणांत काही ना काही बिघाड सापडला, सर्वांत जास्त ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता. साखर, थायरॉइड, ‘ड’ जीवनसत्त्व या तपासण्या कुठल्याही ऑपरेशनहून स्वस्त आहेत. ऑपरेशनच्या खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आपलं ऑपरेशन बसतं का, हे दाखल होण्याआधी योजनेतल्या रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला विचारावं.

आणि वेदना. हाड जुळलं की दुखणं थांबेल, असं मीही धरून चालले होते. नडगीत रॉड घातलेल्या जवळपास निम्म्या लोकांचा गुडघा पुढून दुखत राहतो, गुडघा टेकला की जास्त. तीन महिन्यांपलीकडे टिकलेलं दुखणं हा स्वतंत्र आजार समजून त्याचे उपचार करावे लागतात. मज्जातंतूंवरची औषधं, नियमित व्यायाम, झोप. एक्स-रे चांगला आहे म्हणून दुखतच नसेल, असं कोणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. पाय सुजून चमकत असेल, गरम-गार होत असेल, नुसत्या चादरीच्या स्पर्शाने कळ येत असेल, तर थांबू नका, लगेच दाखवा.

भाऊजींचा सीटी स्कॅन परवा झाला. टोकं बारीक आहेत, हाड सरळ आहे, तुकडा गेलेला नाही, सीआरपी नॉर्मल. मज्जेच्या सुईइतकी फट बारीक नाही आणि जुना रॉडही सैल निघाला. त्यांनी रॉड बदलून कमरेचं हाड घालायचं ठरवलं, नमुने पाच घ्यायचे हे सर्जनकडून कबूल करून घेऊन. द्राक्षांची ऑक्टोबरची छाटणी यंदा बहीण बघणार आहे. बिडी-तंबाखू बंद होऊन एकोणीस दिवस झाले आहेत.