नऊ फुटांची रेघ: नॉर्मन न्यायव्यवस्थेवरील एका अभ्यासवर्गाविषयी

पणजीतील एका वाचनालयाने या पावसाळ्यात चार रविवारी इंग्लंडमधील नॉर्मन (फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतातून आलेल्या) राजवटीतील गुन्हे, न्याय आणि शिक्षा या विषयावर मराठीतून अभ्यासवर्ग घेतला. शुल्क ८०० रुपये होते. भर पावसात फोंड्याहून बस पकडून मी चारही सत्रांना गेलो आणि असा वर्ग पुन्हा भरला तर पुन्हा जाईन.

वर्ग घेणारे सर निवृत्त वकील आहेत. पहिल्याच दिवशी त्यांनी फरशीवर खडूने नऊ फुटांची रेघ ओढली आणि अर्ध्या किलोचे लोखंडी वजन एकेकाच्या तळहातावर ठेवून त्या रेघेवरून चालायला सांगितले. थंड वजन घेऊन ते अंतर चार-पाच पावलांत संपते. आरोपीला मात्र जवळपास एवढ्याच, एका पौंडाच्या, आणि गंभीर आरोप असेल तर तिप्पट वजनाच्या तापवलेल्या लोखंडासह ते चालावे लागे. मग हात बांधून ठेवत आणि तीन दिवसांनी पट्टी सोडून जखम चिघळली आहे का ते पाहत; चिघळली असेल तर तो दोषी ठरे. ही प्रथा नॉर्मनांच्या आधीची. त्यांनी ती चालू ठेवली आणि जोडीला द्वंद्वयुद्धाने निवाडा करण्याची आपली पद्धत आणली. या परीक्षेसाठी सरांनी शेवटपर्यंत ‘दिव्य’ हाच शब्द वापरला, हे मला फार मोलाचे वाटले, कारण रवादिव्याविषयी, म्हणजे उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा काढण्याच्या परीक्षेविषयी, वाचलेल्या मराठी माणसाला बांधलेला हात आणि नंतरची तपासणी वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

सर्वांत चांगले सत्र दुसरे. १०६६ मध्ये हेस्टिंग्जची लढाई जिंकल्यावर मूठभर नॉर्मनांना साऱ्या देशावर राज्य करायचे होते आणि आडवाटेला एकटा गाठून आपला माणूस मारला जाईल, ही त्यांची भीती खरी होती. म्हणून असा खून झाला आणि मारेकरी हाती लागला नाही, तर ‘हंड्रेड’ म्हणजे आसपासच्या गावांच्या गटाने मिळून दंड भरायचा, असा नियम झाला. पुढे तर मृत व्यक्ती इंग्रज असल्याचे सिद्ध होईपर्यंत ती नॉर्मनच धरली जाई. प्रेत इंग्रजाचे आहे हे सिद्ध कसे करायचे, असे मागच्या रांगेतील एका ताईंनी विचारले, तेव्हा मृताचे नातेवाईक पुढे येऊन तशी ग्वाही देत, असे सरांनी सांगितले आणि वर्ग क्षणभर गप्प झाला. घरच्याच्या प्रेतापाशी उभे राहून आधी त्याचा वंश शाबीत करायचा! हा दंड थेट १३४० मध्ये रद्द झाला. गावकारीत वाढलेल्या एका सदस्याने गावाने मिळून सारा भरण्याच्या आपल्याकडील पद्धतीची आठवण काढली. त्यावर, सामाईक जमिनीचा सारा आणि सामाईक शिक्षा यांतला फरक सरांनी सविस्तर मांडला.

तिसऱ्या सत्रात शिक्षा आल्या. हेस्टिंग्ज जिंकून राजा झालेल्या विल्यमने देहदंडाऐवजी डोळे काढण्याची व खच्चीकरणाची शिक्षा फर्मावली. तरीही १०७५ च्या बंडातील इंग्रज सरदार वॉल्थिऑफचा पुढच्या वर्षी विंचेस्टरला शिरच्छेद झाला, तर त्याच बंडातला नॉर्मन सरदार रॉजर कैदेवर सुटला. विल्यमचा मुलगा राजा पहिला हेन्री याच्या काळात, ११२४ मध्ये, लेस्टरशायरमध्ये एकाच वेळी ४४ चोरांना फाशी दिले गेले.

चौथ्या सत्राबाबत मात्र माझी तक्रार आहे. आयोजकांनी ते पाऊण तास उशिरा सुरू केले आणि हरणाच्या शिकारीसाठी डोळे काढणारा राजाचा अरण्यकायदा वीस मिनिटांत उरकावा लागला. धर्मपीठांची स्वतंत्र न्यायालये तर राहूनच गेली. छायाप्रतीही इतक्या फिकट होत्या, की न्यू फॉरेस्ट या राजाच्या शिकारीसाठी राखलेल्या अरण्याचा नकाशा वाचता आला नाही. एवढ्या तयारीने शिकवणाऱ्या माणसाला पाचवा रविवार मिळायला हवा होता, आणि मी तसे अभिप्राय वहीत लिहून आलो आहे.