डीडी फ्री डिश: भाडे नाही, पण जागा लिलावाची

डीडी फ्री डिश म्हणजे छत्रीवरून टीव्ही वाहिन्या फुकट दाखवणारी सरकारी सेवा. छत्री, एलएनबी (छत्रीसमोर बसणारा, उपग्रहाचा सिग्नल पकडणारा भाग), सेट-टॉप बॉक्स आणि केबल मिळून साधारण दीड-दोन हजार रुपये एकदाच लागतात. त्यानंतर दरमहा भरायचे काही नाही. दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीने डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ नावाने ही सेवा सुरू केली. केबल न पोहोचलेल्या वाडीवस्तीला आणि महिन्याचे पॅक न परवडणाऱ्या घराला तिचा मोठा आधार आहे. तरीही घेण्याआधी दोन गोष्टी नीट समजून घ्याव्यात: छत्री कशी बसते आणि पडद्यावर काय दिसायचे हे कोण ठरवते.

आधी छत्री. उपग्रह जीसॅट-१५, जागा ९३.५ अंश पूर्व रेखांश. महाराष्ट्रातून तो आग्नेयेला दिसतो. पुण्यात उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने सुमारे १३२ अंश आणि क्षितिजापासून ५९ अंश वर. नागपुरात १४५ आणि ६० अंश. फोनचे होकायंत्र लोखंडी खांबाजवळ चुकते, म्हणून दोन-तीन पावले लांब उभे राहून दिशा घ्या. खांब ओळंब्यात हवा. तो कलला असेल तर छत्री फिरवताना उंचीचा कोनही बिघडतो आणि तासभर शोधूनही हाती काही लागत नाही. घरगुती छत्री ऑफसेट प्रकारची असते, म्हणजे एलएनबी तिच्या मध्यासमोर नसून खालच्या बाजूला असते. ती ५९ अंशांवर रोखलेली असतानाही पुष्कळशी उभी दिसते. ‘आकाशाकडे तोंड हवे’ म्हणून ती आणखी मागे झुकवणे ही नेहमीची चूक आहे.

बॉक्समध्ये एलएनबीची वारंवारता ९७५०/१०६०० ठेवा. पडद्यावरच्या दोन पट्ट्यांपैकी ‘स्ट्रेंग्थ’कडे बघू नका, एलएनबीला वीज मिळाली की छत्री कुठेही रोखलेली असली तरी ती वर जाते. खरी पट्टी ‘क्वालिटी’ची. छत्री अगदी सावकाश, बोटभर सरकवायची, थांबायचे, पट्टी बघायची. क्वालिटी आली की एलएनबी थोडी डावी-उजवीकडे फिरवून जिथे आकडा सर्वांत वर जाईल तिथे कसायची. नट आळीपाळीने आवळा. एकच नट पूर्ण आवळला तर छत्री सरकते.

ही सेवा केयू बँडवर, म्हणजे पावसात अडणाऱ्या उच्च वारंवारतेच्या लहरींवर चालते, त्यामुळे जोराच्या सरीत चित्र फुटणारच. पण पाऊस थांबून अर्धा तास झाला आणि तरी चित्र नाही, तर बहुतेक वेळा केबलच्या टोकाच्या पिनेत पाणी गेलेले असते. पिन कसण्याआधी रबरी टोपी चढवा आणि एलएनबीजवळ केबलला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून गळून जाईल. केबलच्या आतल्या जाळीची एक जरी तार मधल्या तांब्याच्या तारेला टेकली तरी शॉर्ट होतो.

बॉक्स एमपेग-४चाच (चित्र दाबून पाठवण्याची नवी पद्धत) घ्या. स्वस्तात मिळतो म्हणून जुना एमपेग-२ आणला तर एमपेग-४मधल्या वाहिन्या त्यावर दिसतच नाहीत. बहुतेक वाहिन्या एसडी, म्हणजे एचडीपेक्षा कमी स्पष्ट आहेत. ४३ इंची पडद्यावर चेहरे मऊ दिसतात. २४ किंवा ३२ इंचीवर ठीक.

आता खरा मुद्दा. प्रेक्षक पैसे देत नाही, खासगी वाहिनी देते. प्रसार भारती या सेवेवरच्या वाहिन्यांच्या जागांचा ई-लिलाव करते आणि जागा साधारण १ एप्रिल ते ३१ मार्च अशा वर्षभरासाठी जाते. ज्या वाहिनीला जाहिरातींतून ती बोली वसूल करता येते, तीच टिकते. म्हणून जुन्या हिंदी मालिकांची पुनःप्रसारणे, डब केलेले दाक्षिणात्य चित्रपट आणि भक्तिवाहिन्या इथे इतक्या दिसतात. ग्रामीण प्रेक्षकाची आवड कमी दर्जाची असते हा निष्कर्ष त्यावरून काढणे अन्यायाचे आहे. त्याला निवडच मिळालेली नाही. १ मार्च २०१९ला स्टार उत्सव, झी अनमोल, सोनी पल आणि रिश्ते या हिंदी मनोरंजन वाहिन्या एकदम बाहेर पडल्या, २०२०मध्ये परतल्या, एप्रिल २०२२मध्ये पुन्हा गेल्या. निर्णय दर वेळी कंपन्यांच्या हिशेबाने झाला.

मराठी घराला हे जास्त जाचते. झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी या सशुल्क वाहिन्या. इथे त्या मिळत नाहीत. खात्रीची एकच, डीडी सह्याद्री. तिच्या बातम्या आणि शेतीविषयक कार्यक्रम आजही उपयोगी आहेत, पण नव्या मराठी कथेची भूक एकट्या सरकारी वाहिनीने भागत नाही. हिंदी मनोरंजनाच्या बोलीशी मराठी वाहिनीला स्पर्धा करावी लागू नये इतक्या पुरेशा वेगळ्या जागा प्रादेशिक भाषांना मिळायलाच हव्यात. सार्वजनिक प्रसारकाने निदान हे करावे.

बातम्या, दूरदर्शन आणि जुने चित्रपट पुरेसे असतील तर जरूर घ्या. रोजच्या मराठी मालिका हव्या असतील तर घेऊ नका. आणि घेतलीत तर दर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पूर्ण स्कॅन करा. वाहिन्यांचे क्रमांक बदलतात, त्यामुळे सह्याद्री लगेच ‘फेव्हरिट’मध्ये टाकून ठेवा.