त्रिपुरी पौर्णिमेची एकच रात्र: काशी, चिआंग माई, साखळी की कोल्हापूर?

दिव्यांचा उत्सव पाहायला मुद्दाम प्रवास करायचा तर दिवाळी सोयीची नाही. ती घरीच साजरी व्हावी. पण पंधरा दिवसांनी येणाऱ्या कार्तिकी पौर्णिमेला घरातले पाहुणे गेलेले असतात आणि चार ठिकाणी पाण्याकाठी दिवे लागतात. अडचण एवढीच, की तिथी सगळीकडे बहुधा एकच. २०२४ साली काशीची देवदिवाळी आणि थायलंडचं लॉय क्राथोंग, म्हणजे पाण्यावर दिवे सोडायचा सण, दोन्ही १५ नोव्हेंबरला आले होते. त्यामुळे एक निवडायचं आणि बाकीच्यांवर त्या वर्षापुरतं पाणी सोडायचं.

निवडण्याआधी स्वतःला एक गोष्ट विचारा: दिवे बघायचेत, की लावायचेत? माझ्या लेखी सगळा निर्णय यावरच ठरतो.

बघायचे असतील तर काशीला तोड नाही. अर्धचंद्राकार वळणावर ओळीने चौऱ्याऐंशी घाट, आणि पायरी न् पायरी पणत्यांनी भरलेली. पाणी संथ असेल तर तेवढाच उजेड खालीही दिसतो. हे दृश्य नावेतूनच खरं कळतं, कारण घाटावर उभं राहिलं की पुढच्या माणसाची पाठ तेवढी दिसते. म्हणून नाव ठरवल्याशिवाय जाऊ नये. त्या रात्रीचे दर नेहमीच्या कितीतरी पट असतात, आणि ऐन वेळी नाव मिळेल या भरवशावर राहिलेले लोक गल्लीतल्या गर्दीत अडकतात. दशाश्वमेधाची आरती भव्य असते, पण चेंगराचेंगरीची भीतीही तिथेच जास्त. मी तर उत्तरेकडच्या पंचगंगा घाटाकडे जायला सांगेन. तिथे ‘हजारा’ नावाचा दगडी दीपस्तंभ आहे, अंगभर दिव्यांच्या खाचा असलेला. अहिल्याबाई होळकरांनी तो उभारला असं सांगतात. कार्तिक महिनाभर तिथे उंच बांबूंच्या टोकाला टोपल्यांतून आकाशदिवे चढवतात, ते पितरांसाठी. शेजारचे दुर्गा घाट, ब्रह्मा घाट म्हणजे काशीतल्या मराठी कुटुंबांची जुनी वस्ती. लेझर आणि आतषबाजीपेक्षा मला हा कोपरा मोलाचा वाटतो. मात्र गुडघे दुखणाऱ्या आईवडिलांना घेऊन जाणार असाल तर दोनदा विचार करा. पायऱ्या उंच आहेत आणि त्या दिवशी वाहन घाटाच्या जवळपासही जात नाही.

उत्तर थायलंडमधल्या चिआंग माईबद्दल मात्र आधी एक गैरसमज दूर करायला हवा. आकाशात एकदम हजारो कागदी कंदील सुटतानाचे जे फोटो आपण बघतो, ते बहुतेक शहराबाहेरच्या तिकीट लावलेल्या कार्यक्रमांचे असतात. तिकीट काही हजार बाहतचं, खुर्च्या मांडलेल्या, सूचना मिळाली की सगळ्यांनी मिळून कंदील सोडायचा. शहरात कुठे आणि किती वाजता कंदील सोडायचे यावर बंधनं आहेत. त्या दिवसांत संध्याकाळनंतरची काही विमानं रद्द होतात किंवा त्यांच्या वेळा बदलतात, तेव्हा परतीचं तिकीट काढताना हेही बघा. मला स्वतःला या कंदिलांची ओढ नाही. जळती वस्तू वाऱ्यावर सोडून दिली की ती कुठे पडेल ते आपल्या हातात राहत नाही. १ जानेवारी २०२० रोजी जर्मनीतल्या क्रेफेल्डच्या प्राणिसंग्रहालयात अशाच कंदिलांमुळे आग लागली आणि तीसहून जास्त प्राणी जळून गेले, वानरांची अख्खी इमारतच खाक झाली. हे वाचल्यापासून ते फोटो मला सुंदर वाटत नाहीत.

पण त्याच रात्रीचं लॉय क्राथोंग ही वेगळी गोष्ट आहे आणि त्यासाठी जावं. क्राथोंग म्हणजे पाण्यावर सोडायचा छोटा तराफा. त्यासाठी केळीच्या खांबाची जाड चकती कापतात. भोवती केळीचं पान दुमडून पाकळ्या टाचतात. मधे झेंडू किंवा ऑर्किड, एक मेणबत्ती, तीन उदबत्त्या. काही जण नाणं ठेवतात. पिंग नदीच्या काठी उकिडवं बसून, क्राथोंग कपाळाशी धरून क्षणभर डोळे मिटायचे आणि पाण्यावर ठेवून हाताने पाणी मागे सारत ते पुढे ढकलायचं. ते ज्या देवीला वाहतात ती फ्रा मे खोंगखा, म्हणजे आपली गंगाच. वर्षभर पाणी वापरलं, घाण केलं, त्याची क्षमा मागायची. ज्याने कार्तिकात द्रोणातून दिवा सोडलाय त्याला यातलं काहीही समजावून सांगावं लागत नाही. याला तिकीट नाही, परका म्हणून कोणी अडवतही नाही. फक्त थर्माकोलचं क्राथोंग घेऊ नका. इतिहासाची आवड असेल तर सुखोथाई बघा: जागतिक वारसा असलेल्या जुन्या राजधानीच्या भग्न विहारांत, कमळांच्या तळ्यांकाठी हाच सण होतो.

आता घराजवळचं. गोव्यात साखळीच्या विठ्ठलापुरात वाळवंटी नदीवर त्रिपुरीला नौकांचा उत्सव असतो. लाकूड, पुठ्ठा, कागद, थर्माकोल यांच्या सजवलेल्या, आतून उजळलेल्या होड्या नदीत उतरवतात, त्यांची स्पर्धा लागते. इथे त्रिपुरासुराला मारणारा शंकर नसून कृष्ण असतो, आणि तो वधाचा प्रसंग विठ्ठलमंदिराजवळ रात्री उशिरा होतो. लहान मुलं बरोबर असतील तर मी डोळे झाकून साखळी सुचवेन. नदी लहान, त्यामुळे होडी अगदी जवळून दिसते, आणि ती कोणी कशी बांधली हे तिथेच विचारता येतं.

कोल्हापूरचा दीपोत्सव पहाटेचा. इथल्या पंचगंगा नदीच्या घाटावर अंधार असतानाच हजारो पणत्या लागतात, पायऱ्यांवर रांगोळ्या असतात आणि कार्तिकातली थंडी अंगाला झोंबत असते. पणती लावायला कोणीही पुढे होऊ शकतं. वाऱ्याने विझली की शेजारच्या पणतीवरून परत पेटवायची, तेल कमी झालं की घालायचं. सूर्य वर येईपर्यंत माणूस यातच गुंतून जातो. लावायचे असतील तर माझं मत कोल्हापूरलाच. खर्चही चौघांत सगळ्यात कमी.

पौर्णिमेला रजाच जमत नसेल तर तामिळनाडूतलं तिरुवण्णामलै डोक्यात ठेवा. तिथलं कार्तिगै दीपम कृत्तिका नक्षत्रावर असतं, त्यामुळे तारीख बऱ्याचदा पुढे जाते. २०२४ साली ते १३ डिसेंबरला होतं. तिथे लाखो दिवे नाहीत. संध्याकाळी सहा वाजता अण्णामलै डोंगराच्या माथ्यावर प्रचंड कढईत तुपाची एकच ज्योत पेटते आणि ती अकरा दिवस तेवत ठेवतात. गर्दीला घाबरत असाल तर पहिला दिवस सोडून तिसऱ्या-चौथ्या दिवशी जा, ज्योत असतेच.

आणि एक जोडयात्रा, जी मला या सगळ्यांत आवडते. तिथीचा मेळ बसला तर पहाटे कोल्हापूर आणि त्याच संध्याकाळी साखळी जमू शकतं. बेळगावमार्गे चोर्ला घाट उतरला की रस्ता साखळीतच पोचतो. दोन्हीकडच्या तारखा आधी स्थानिकांना विचारून पक्क्या करा, कारण पौर्णिमा दोन दिवसांत विभागली की पहाट आणि संध्याकाळ यांचा क्रम उलटा होतो. घाट वळणांचा आहे, तो उजेड असतानाच उतरावा, म्हणून जेवण बेळगावात लवकर उरका.